सोरा, नोनिया आणि कंपनी सरकार

खारवट

अकबराच्या आबदारखान्यात पाणी गार कसं करत, हे अबुल फजलने आईन-इ-अकबरीत मापं देऊन लिहून ठेवलंय. कथलाच्या किंवा चांदीच्या सुरईत शेरभर पाणी भरायचं आणि तोंड बंद करायचं. दुसऱ्या भांड्यात पाच शेर पाणी आणि अडीच शेर सोरा घालायचा आणि त्यात ती सुरई पाव तास फिरवत राहायचं. बंदुकीच्या दारूत जो आग पेटवतो, त्याच पदार्थाने बादशहा पाणी गार करतो, यातली गंमत अबुल फजललाही कळली होती. त्याने ती नोंदवलीय. भावही दिलाय: रुपयाला पाऊण मण ते चार मण. १५८६ पासून दरबार पंजाबात हलला, डोंगरातला बर्फ लाहोरला यायला लागला आणि या युक्तीची गरज कमी झाली.

रुपयाला चार मण मिळणारा हा पदार्थ पुढच्या शतकात असा काही भाव खाऊ लागला, की त्यासाठी इंग्रज, डच आणि फ्रेंच पाटण्याच्या आसपास वखारी टाकून बसले.

आपल्याकडे तोफांवर हौसेने लिहिलं जातं. कुठली कोणी ओतली, गोळा किती मणांचा, लांबी किती हात. त्या तोफेत ठासायच्या दारूचा साधारण तीन चतुर्थांश भाग सोरा असतो, उरलेल्या पावात गंधक आणि कोळसा. कोळसा कुठेही पाडता येतो, गंधक विकत मिळतं. अडायचं ते सोऱ्यावर. म्हणून हा धागा.

सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. तो जिथे माणसं आणि गुरं पिढ्यान् पिढ्या एका जागी राहतात, तिथल्या मातीत तयार होतो. गोमूत्र, शेण, सांडपाणी जमिनीत मुरतं, जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. चुलीतली राख उकिरड्यावर पडते, तिच्यातून पोटॅशियम मिळतं. पावसाळ्यात हे सगळं विरघळून खाली जातं आणि पाऊस सरला, ऊन तापलं की ओल वर चढताना ते पुन्हा पृष्ठभागावर आणून सोडते. जमिनीवर पांढरी साय धरते. उत्तर बिहारात, म्हणजे तिरहुत, सारण, चंपारण या भागात, हे सगळं एकत्र जुळून आलं होतं: दाट वस्ती, भरपूर गुरं, राख, वर्षातून एकदा जोरदार पाऊस आणि मग लांबलचक कोरडे महिने. जगात इतरत्र सोऱ्यासाठी खटाटोप करावा लागे, इथे तो गावाच्या भिंतीच्या कडेला उगवत होता.

उगवत होता म्हटलं तरी काढावा लागेच. ते काम नोनिया जातीच्या लोकांचं. खुरप्याने वरची पातळ साल खरवडायची, फार खोल गेलं तर नुसती माती येते. कुठली माती 'पिकलीय' हे ते बघून आणि जिभेला लावून ओळखत. मग कोठी. मातीची गोल भिंत, तळाशी बांबूचे तुकडे आणि त्यावर गवत, त्यावर ती खरवडलेली माती दाबून भरायची. वरून पाणी सोडायचं. मातीतले क्षार घेऊन ते खालच्या भोकातून मडक्यात ठिबकतं. ते पाणी आटवायचं. विस्तवावर आटवलेला तो जरुआ, उन्हात वाळवलेला तो आबी. हा कच्चा सोरा पुन्हा विरघळवून, गाळून, थंड होऊ दिला की लांब कांड्यांसारखे स्फटिक धरतात. तोच कलमी सोरा. पावसाळ्यात हा धंदा बंद, तेव्हा नोनिया विहिरी, तळी, बांध यांची खोदाई करत.

व्यापारी यांना आगाऊ पैसे देत, दादनी. पैसे घेतले की माल त्यालाच, त्याच्याच भावाने. कंपनीच्या बाजूचं वाचायला भरपूर मिळतं. जॉब चारनॉक नाव ऐकलं असेल, १६९० मध्ये कलकत्त्याला जाऊन बसला तोच. त्याआधी वीसेक वर्षं हा माणूस पाटण्याच्या वखारीत होता, आणि तिथला मुख्य व्यवहार सोऱ्याचा. १६९३ च्या सनदेत इंग्लंडच्या राजाने कंपनीला अटच घातली, की दरसाल ५०० टन सोरा सरकारी दारूगोळा खात्याला द्यायचा. जहाजाच्या तळाला वजन म्हणून दगड भरण्याऐवजी सोऱ्याची पोती रचत, म्हणजे वाहतूक जवळपास फुकट.

आणि मग प्लासी, १७५७. पुढच्याच वर्षी क्लाइव्हने मीर जाफरकडून बिहारच्या सगळ्या सोऱ्याचा मक्ता लिहून घेतला. त्याआधी तो ख्वाजा वाजिद या आर्मेनियन व्यापाऱ्याकडे होता. एका कागदासरशी डच आणि फ्रेंच यांच्या तोंडचा घास गेला. इथून पुढे युरोपात कोणी कोणाशी किती दिवस लढू शकेल, याची एक चावी कलकत्त्यात होती.

माझं म्हणणं थोडक्यात: ब्रिटिश आरमाराचा इतिहास पोर्ट्समथच्या गोदीइतकाच सारणमधल्या छपरा गावातही घडला. पटत नसेल तर भांडा.

रसायनवेडी

सुंदर लेख. कोठीनंतरचा भाग जरा उलगडून सांगते, कारण खरी हुशारी तिथे आहे.

मातीतून जे पाणी येतं त्यात सोरा असतो, पण साधं खायचं मीठही भरपूर असतं. दोन्ही पांढरे, दोन्ही पाण्यात विरघळणारे. वेगळे कसे करायचे? २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात सोरा विरघळतो सुमारे ३२ ग्रॅम. उकळत्या पाण्यात तोच २४६ ग्रॅमपर्यंत जातो. मिठाचं मात्र गार पाण्यात ३६ आणि उकळत्यात ३९, फरक जवळपास नाहीच. त्यामुळे पाणी उकळून आटवत नेलं की मीठ आधी तळाला बसतं, ते झाऱ्याने काढून टाकायचं. वरचं पाणी गाळून थंड होऊ दिलं की सोरा खाली येतो. नोनियांनी हे आकडे कुठे वाचले नव्हते, पण भट्टीवर रोज हेच चाललं होतं.

अकबराच्या सुरईबद्दल: सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो. मापं अबुल फजलची धरली तर बाहेरचं पाणी दहा-बारा अंश तरी सहज उतरेल असा माझा हिशोब येतो. आग्र्याच्या उन्हाळ्यात तेवढं पुष्कळ झालं. शिवाय ते पाणी नंतर उन्हात आटवलं की सोरा परत हातात.

आणि जिवाणूंचं श्रेय फार उशिरा मिळालं. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युन्त्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरातून सांडपाणी सोडून पाहिलं. अमोनियाचं नायट्रेट व्हायला लागलं. मग त्यात क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि नायट्रेट बनणं थांबलं. म्हणजे हे काम जिवंत कोणीतरी करतंय. तोवर सोऱ्यावर साम्राज्यं उभी राहून गेली होती.

लष्कराच्या भाकऱ्या

वाचनखूण साठवली. पण भांडा म्हणालात म्हणून भांडतो.

प्लासी सोऱ्यासाठी झाली असा वास येतोय लेखाला. ते ताणलेलं आहे. कंपनीला बंगालचं कापड, रेशीम, आणि नंतर १७६५ च्या दिवाणीने मिळालेला महसूल, यांच्यापुढे सोरा म्हणजे किरकोळ रक्कम. चारनॉकचं म्हणाल तर तो कलकत्त्याला सोऱ्यासाठी गेला नव्हता, मुघलांशी बिनसलं म्हणून हुगळी सोडावी लागली.

खारवट

प्लासी सोऱ्यासाठी झाली असं लिहिलेलं नाही. प्लासी झाल्याबरोबर पहिल्या मागण्यांत सोरा होता, एवढंच लिहिलंय. कापडाची किंमत जास्त, मान्य. पण कापड थांबलं तर लंडनचा व्यापारी बुडतो, सोरा थांबला तर आरमार धक्क्याला बांधून ठेवावं लागतं. किमतीचा तराजू इथे अपुरा पडतो.

फ्रेंचांचंच बघा. सात वर्षांच्या युद्धात भारतातला सोरा हातचा गेला आणि दारूच्या टंचाईने ते बेजार झाले. १७७५ मध्ये त्यांनी दारूचा कारभार सरकारी केला आणि चौघा अधिकाऱ्यांत एक नेमला लव्हाझिए. हो, तोच, ऑक्सिजनवाला. त्याने कृत्रिम सोरा-वाफे, कर, मोजमाप, सगळं बसवलं आणि फ्रान्स पुन्हा दारू निर्यात करू लागला. त्यातली बरीचशी अमेरिकन बंडखोरांकडे इंग्रजांविरुद्ध गेली. राज्यक्रांतीनंतर १७९३-९४ मध्ये तर नागरिकांनी घराघरांची तळघरं खणून माती धुतली. बिहार हाती नसला की काय करावं लागतं त्याचा हा नमुना.

लष्कराच्या भाकऱ्या

म्हणजे बिहारशिवायही जमलं ना त्यांना! माझा मुद्दा तोच. अडलं की माणूस मार्ग काढतो. महाग पडतो, इतकंच.

खारवट

महाग पडणं हेच तर युद्धात हरणं असतं, भाऊ. बरं, थोडं तुमच्याकडे सरकतो: चावी म्हणालो होतो, अडसर म्हणू. दार बंद होत नाही, पण उघडायला वेळ लागतो.

जुनाट_वाडा

इंग्लंडात बिहारचा सोरा यायच्या आधी काय होतं हे कोणीतरी लिहा. मला तिथल्या 'सोरेवाल्यां'बद्दल पुसटसं आठवतंय.

नीलमोहर

मी लिहिते, लंडनला अभिलेखागारात यातली काही कागदपत्रं चाळली आहेत.

राजाचा परवाना घेतलेले सोरेवाले गावोगाव फिरत आणि कोणाच्याही तबेल्याची, कबूतरखान्याची, अगदी घराची जमीन उकरत. कबूतरांची विष्ठा सगळ्यात चांगली. मालकाने नाही म्हणायची सोय नव्हती. उकरून ठेवलेली जमीन तशीच टाकून जातात, गाड्या फुकट जुंपायला लावतात, लाच घेऊन एखादं घर सोडतात, अशा तक्रारींचा ढीग आहे. १६२६ मध्ये चार्ल्स राजाने फर्मान काढलं की प्रजेने वर्षभर आपलं आणि जनावरांचं मूत्र साठवून ठेवावं आणि सोरेवाल्यांच्या हवाली करावं. हसू येतं, पण लोक कावले होते. राजाविरुद्धच्या रागाच्या यादीत हेही एक कलम होतं. अखेर १६५६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला, मालकाच्या परवानगीशिवाय खणायचं नाही.

तारखा बघा. याच दशकात कंपनी पाटण्यात पाय रोवते. इंग्रज माणसाचं घर उकरणं बंद झालं, कारण तीच माती आता छपऱ्यात खरवडली जात होती. मला स्वतःला या गोष्टीत सगळ्यात बोलका भाग हाच वाटतो.

खारवट

नीलमोहर, हे मूळ लेखात असायला हवं होतं. आभार.

जुनाट_वाडा

+१. म्हणजे मालमत्तेचा हक्क तिकडे शाबूत राहिला, इकडे दादनी.

आमच्या वाड्याच्या गोठ्याकडच्या भिंतीला कायम लोणा लागतो. पांढरा पापुद्रा धरतो आणि खालचा गिलावा भुसभुशीत होऊन पडतो. तोही सोराच का?

रसायनवेडी

गोठ्याकडची भिंत असेल तर नायट्रेट असण्याची शक्यता आहे, बहुधा कॅल्शियम नायट्रेट. म्हणजे सोऱ्याचा चुलतभाऊ. जुन्या पद्धतीत याच्यावर राखेचं पाणी सोडत, राखेतलं पोटॅश त्याच्याशी अदलाबदल करतं, चुना खाली बसतो आणि पाण्यात सोरा राहतो. नव्या सिमेंट-विटांच्या घरांत जी पांढरी बुरशीसारखी साय दिसते, ती मात्र बहुतेक वेळा सल्फेटची असते. त्याचा गुरांशी संबंध नाही, विटांशी आणि ओलीशी आहे.

वरून रंग मारू नका. आधी ओल कुठून येते ते शोधा.

बाणकोटचा बाण

आपल्या गडांवर याचं काय, हे कोणी विचारलं नाही अजून? आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दारूखान्याबद्दल लिहिलंय. वस्तीजवळ, सदरेजवळ दारूखाना नको, आणि हवालदाराने आठा-पंधरा दिवसांनी दारू, बाण वगैरे बाहेर काढून ऊन द्यावं, मग पुन्हा मोहर करून ठेवावं. मी हे वाचलं तेव्हा वाटलं होतं की सह्याद्रीतल्या पावसामुळे असेल.

रसायनवेडी

पाऊस आहेच, पण शुद्धताही आहे. निव्वळ पोटॅशियम नायट्रेट हवेतली ओल फारशी ओढत नाही. त्यात कॅल्शियम नायट्रेट किंवा मीठ राहून गेलं असेल तर दारू पाणी धरते आणि गोळी फुसकी जाते. म्हणून कलमी सोऱ्याला कच्च्यापेक्षा भाव. दर पंधरवड्याला ऊन दाखवायचा हुकूम म्हणजे साठा टिकवायचा अगदी व्यवहारी नियम आहे.

बाणकोटचा बाण

आता गडावर गेलो की त्या एकलकोंड्या जाड भिंतींच्या खोलीकडे वेगळ्या नजरेने बघेन. लोक तिथे सेल्फी काढून 'तुरुंग' म्हणून टाकतात.

मडगावची माय

आमच्या गोव्यात पणजीहून जुन्या गोव्याकडे जाताना पानेलिमला पोर्तुगीजांचा दारूचा कारखाना होता, कासा द पोल्व्होरा. विजरई (व्हाइसरॉय) लिन्यारिशच्या काळात, म्हणजे १६३० च्या सुमारास, तो नव्याने उभा राहिला. पणजी-रायबंदरचा तो लांब जुना बांध-पूल आहे ना, तोही याच विजरईचा.

पण मी स्वयंपाकघरातून बोलणार. आमच्याकडे नाताळाला खारवलेली जीभ करतात. मीठ, लिंबू, व्हिनेगर आणि चिमूटभर सोरा. सोरा घातला की मांस शिजल्यावरही गुलाबी राहतं, नाहीतर राखाडी पडतं. काही घरांत चोरिसाच्या मसाल्यातही पडायचा. आजी तो पुडीत बांधून फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायची आणि आम्हा पोरांना हात लावू द्यायची नाही.

रसायनवेडी

आजी बरोबर होत्या. मांसातले जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यातून मांसातल्या रंगद्रव्याला चिकटणारा नायट्रिक ऑक्साइड बनतो, म्हणून तो गुलाबी रंग. त्याहून मोठं काम म्हणजे बॉट्युलिझमचे जिवाणू दबतात. डबाबंद मांसाच्या वेष्टनावर ई२५२ दिसलं तर तो आपला सोराच. हल्ली बहुतेक ठिकाणी थेट नायट्राइट, ई२५०, वापरतात, कारण प्रमाण हातात राहतं. घरी अंदाजाने चिमूट टाकणं आता नकोच. जास्त झालं तर रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते, आणि लहान मुलांना ते लवकर बाधतं.

हाच धोका पाण्यातून येतो. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. गोठा, उकिरडा आणि विहीर जवळजवळ असली, किंवा शेतात युरिया सढळ हाताने पडत असला, की हा आकडा ओलांडायला वेळ लागत नाही. मुघलांच्या काळी त्या मातीचे पैसे झाले असते.

पाट्याखालचा

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये जेवणात सोडा टाकतात म्हणजे पोरांची 'गरमी' उतरते, अशी वदंता होती. परदेशी पलटणींत हेच सोऱ्याबद्दल बोलतात असं ऐकलंय. यात काही तथ्य?

रसायनवेडी

नाही. पोरांची गरमी मेसच्या जेवणाच्या चवीनेच उतरत असावी. सोऱ्याचा तसा परिणाम नाही.

वैद्य_गुळवेल

आमच्याकडे याला सूर्यक्षार म्हणतात. श्वेतपर्पटीत सोरा, तुरटी आणि नवसागर १६:२:१ या प्रमाणात असतात, मूत्रविकारांत देतात. लघवी अडली तर ओटीपोटावर पळसाच्या फुलांबरोबर सोऱ्याचा लेप देण्याची जुनी चाल आहे. पण मूत्रपिंड कमकुवत असलेल्या माणसाला पोटॅशियम पोटात देणं धोक्याचं, त्यामुळे धागा वाचून कोणी पुडी आणायला निघू नका.

आणि दात शिवशिवतात म्हणून जी टूथपेस्ट घेता तिची बाजू उलटी करून वाचा. पोटॅशियम नायट्रेट ५ टक्के सापडेल.

पाट्याखालचा

आत्ता वाचली. आहे! तोफेची दारू तोंडात घेऊन फिरतोय इतकी वर्षं.

कल्हईवाला भांड्यात टाकायचा आणि धूर निघायचा, तो हाच का?

वैद्य_गुळवेल

तो नवसागर. बिदरी कामात मात्र दोघे भेटतात. बिदरच्या किल्ल्यातली जुनी, ऊनपाऊस न लागलेली माती घेतात, तिच्यात नायट्रेट असतं. नवसागराबरोबर तिचा लेप लावला की जस्ताचा मिश्रधातू काळाभोर होतो आणि चांदीची नक्षी पांढरी राहते. कारागीर ती माती आजही जिभेवर ठेवून पारखतात.

खारवट

वा. नोनियांची जीभ आणि बिदरची जीभ! हे माहीत नव्हतं.

धूम्रकेतू९

भाऊ लोक मस्त धागा. दिवाळी जवळ आलीये, तर भुईनळ्यासाठी सोरा, गंधक, कोळसा कसा कुटायचा, कुठल्या क्रमाने, ते पण सांगा ना कोणीतरी.

संपादक मंडळ

हा धागा इतिहासाचा आणि उपयोगाचा आहे. स्फोटक मिश्रणांच्या कृती इथे मागू नयेत, देऊ नयेत. असे प्रतिसाद उडवले जातील. धन्यवाद.

छपरा_ते_चिपळूण

वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे माझं बालपण सारण जिल्ह्यात गेलं, म्हणून लिहितो. नोनियांची गोष्ट क्लाइव्हपाशी संपत नाही.

मिठावर कर होता हे आपल्याला दांडीमुळे ठाऊक आहे. सोरा काढताना खायचं मीठ आपोआप निघतं, वर रसायनवेडींनी सांगितलंच. म्हणजे सरकारच्या नजरेत प्रत्येक नोनिया संभाव्य मीठचोर. सोरा करायला परवाना, मीठ वेगळं काढायला आणखी परवाना, आणि त्यावर पहारा ठेवायला खारखात्याचे शिपाई. तळाला बसलेलं मीठ घरी आमटीत टाकलं तर गुन्हा.

१९३० मध्ये बिहारला समुद्र नव्हता, पण नोनी माती होती. एप्रिलमध्ये चंपारण आणि सारणमध्ये सत्याग्रह सुरू झाला तेव्हा लोकांनी मीठ केलं ते याच खारट मातीतून, नोनियांच्या पद्धतीने. वकील, मास्तर मंडळी मातीची भांडी मांडून बसली होती. पुस्तकांत फोटो दांडीचे येतात. नोनियांनी पिढ्यान् पिढ्या पोट भरायला केलेलं काम तेव्हा पहिल्यांदा देशकार्य ठरलं.

नीलमोहर

फार महत्त्वाची भर.

मधला एक टप्पा राहतोय, अमेरिकेचा. १८६१ मध्ये तिथे यादवी पेटली तेव्हा उत्तरेकडच्या सरकारने ड्यू पाँ कंपनीच्या लामो ड्यू पाँला गुपचूप लंडनला पाठवलं. बाजारात मिळेल तेवढा भारतीय सोरा त्याने उचलला. जहाजं भरत होती आणि नेमका त्याच वेळी ट्रेंट या ब्रिटिश जहाजावरून दक्षिणेचे दोन वकील पकडल्यामुळे ब्रिटन आणि अमेरिकेत तंटा झाला. ब्रिटनने सोऱ्याची निर्यात थांबवली. लिंकनच्या सरकारने ते वकील सोडले, तणाव निवळला आणि जानेवारी १८६२ मध्ये सोरा सुटला. माघारीची इतरही कारणं होती, सोरा त्यातलं एक. दक्षिणेकडे तर गुहांतली माती धुवायची वेळ आली.

लष्कराच्या भाकऱ्या

बरं बुवा, या अमेरिकन किश्श्यानंतर मी अर्धा पाऊल मागे. अडसर मान्य.

पण मग धंदा बसला कशाने? स्वदेशी राज्यकर्ते आले म्हणून नक्कीच नाही.

खारवट

दोन धक्के. पहिला चिलीचा. अटाकामाच्या वाळवंटात सोडियम नायट्रेटचे थरच्या थर आहेत, फावड्याने खणायचे. ते दारूत थेट चालत नाही, ओल धरतं. पण १८६० च्या दशकात जर्मनीत श्टासफुर्टला पोटॅशच्या खाणी सुरू झाल्या. चिलीचं नायट्रेट अधिक जर्मनीचं पोटॅश, झाला सोरा तयार. कोठी नको, पावसाची वाट नको. त्या वाळवंटासाठी चिली, पेरू आणि बोलिव्हिया १८७९ पासून लढले आणि बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला तो गेलाच.

दुसरा धक्का हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचा. १९०९ मध्ये त्याने हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला, १९१३ मध्ये ओप्पाउला कारखाना सुरू झाला. पुढच्याच वर्षी महायुद्ध, जर्मनीची चिलीची वाट बंद, तरी ते चार वर्षं लढले. तोवर धूर न करणारी नवी दारू येऊन जुनी काळी दारूही मागे पडली होती. पहिल्या महायुद्धात बिहारच्या सोऱ्याला थोडी मागणी आली, तेवढीच.

तासगावकर

धागा सकाळपासून वाचतोय, बागेत होतो म्हणून उशीर. तुम्ही ज्याचा इतिहास लिहिताय तो माझ्या शेडमध्ये २५ किलोच्या पिशवीत पडलाय. १३:००:४५. तेरा टक्के नत्र, पंचेचाळीस टक्के पालाश. द्राक्षाचा मणी फुगायला लागला की ड्रिपमधून सोडतो. क्लोराइड नाही म्हणून द्राक्षाला मानवतं, पोटॅशची स्वस्त लाल खतं तशी चालत नाहीत. पिशवी पाण्यात ओतली की टाकीला बाहेरून घाम येतो, पाणी गार पडतं. अकबराचं वाचून आज कारण कळलं.

आंबटगोड_रत्नागिरी

हापूसवाल्यांकडूनही हजेरी. फळगळ होऊ नये म्हणून १ टक्क्याची फवारणी करतो, फळ वाटाण्याएवढं असताना, मग गोटीएवढं असताना, मग अंड्याएवढं झाल्यावर. विद्यापीठाची शिफारस आहे. फिलिपिन्समध्ये तर रॅमन बार्बा नावाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात दाखवून दिलं की याच्या फवारणीने आंब्याला हंगामाबाहेर मोहोर येतो. आधी तिथे झाडाखाली दिवसच्या दिवस धूर करत. आपल्या हापूसवर मोहोरासाठी ते तितकं लागू पडत नाही, आपण त्याला कल्टार देतो, त्याची रडकथा वेगळ्या धाग्यात.

तासगावकर

१ टक्का म्हणजे १० लिटरच्या पंपाला १०० ग्रॅम, बरोबर? आणि त्यात कीटकनाशक मिसळता का?

आंबटगोड_रत्नागिरी

बरोबर. मी वेगळंच मारतो. कॅल्शियम नायट्रेटची गोष्ट आणखी वेगळी, ते फॉस्फेट-सल्फेटवाल्या खतांबरोबर एका टाकीत नको, साका धरून नोझल तुंबतात.

जुनाट_वाडा

मग माझ्या गोठ्यातली ती पांढरी माती खरवडून परसातल्या आंब्याला घातली तर?

आंबटगोड_रत्नागिरी

घाला की. पण खोडाशी नको, पानांच्या सावलीच्या कडेला चर खणून घाला आणि वर पाणी द्या. भिंतीचा चुना त्यात फार येऊ देऊ नका. फवारणीला मात्र पिशवीतलंच आणा, मातीचं पाणी पानांवर मारू नका, त्यातल्या मिठाने पानं करपतील.